रांजणाची जागा

एकदा एक हळदीचा व्यापारी भर समारंभात, आपल्याच नावाच्या कमानीखाली, मान खाली घालून उभा राहिला. त्याचे झाले असे.

त्याच्या नगरीतले विद्यापीठ पेठेतल्या लोकांनीच उभे केलेले. एक ओस पडलेली धान्याची वखार होती. विणकरांनी तिथे सतरंज्या आणून टाकल्या, सुतारांनी फळ्या ठोकल्या. पदवी हवी त्याने परीक्षा द्यावी, पण ग्रंथालयात कोणीही येऊन वाचावे, असा पहिल्या दिवसापासूनचा नेम. अट एकच. दाराशी पाण्याचा रांजण होता. हात धुवायचे आणि आत जायचे.

व्यापारी आता तिथल्या कार्यकारिणीवर होता. माणूस बोलका, उमदा. "मला कोणी शिकवलं नाही, स्वतःच्या हिमतीवर शिकलो," असे तो चारचौघांत हसत सांगे. एका बैठकीत त्याने विषय काढला, "मोठमोठे विद्वान येतात आपल्याकडे, आणि दारात पाहावं तर चिखल अन् हमालांच्या चपला. शोभतं का हे?" ठराव संमत झाला. रांजण मागच्या अंगणात गेला, त्या जागी त्याच्या पैशाने, त्याच्याच नावाची दगडी कमान झाली, पहारेकरी आला, प्रवेशपत्रे छापली गेली.

उद्घाटनाला त्याने आपल्या वृद्ध गुरूंना आग्रहाने बोलावले. त्यांनी ते ग्रंथालय चाळीस वर्षे सांभाळले होते. ते आले ते एका हातात पाण्याचा तांब्या आणि काखेत एक जुने पुस्तक घेऊन.

कमानीशी पहारेकरी एका हमाल बाईला अडवत होता.

"पत्र दाखवा, मावशी."

"कसलं पत्र? परवापर्यंत हातच धूत होते मी," बाई म्हणाली. "अर्धंच वाचून झालंय माझं."

व्यापाऱ्याने दुसरीकडे पाहिले. गुरूंनी ते पाहिले.

"हात पुढं कर," ते व्यापाऱ्याला म्हणाले.

"गुरुजी, आत्ता? पाहुणे खोळंबलेत."

"खोळंबू देत."

गुरूंनी पाणी ओतले. व्यापाऱ्याचे हात जुन्या सवयीने आपोआप नखे चोळू लागले, आणि मध्येच थांबले. गुरूंनी पुस्तक उघडले. पानाच्या कोपऱ्यात अंगठ्याचा पिवळा ठसा होता.

"पहिल्यांदा आलास तेव्हा तीनदा हात धुतलेस," गुरू सावकाश म्हणाले. "हळद काही निघेना. पायरीवरूनच परत निघाला होतास. मी म्हटलं, उमटली तर उमटू दे. मग इथंच बसून अक्षराला अक्षर लावत शिकलास. बाबा, इतर विद्यापीठांच्या भिंतींवर विद्वानांच्या तसबिरी असतात. आपल्याकडं हा डाग आहे, मी तो कोणाला पुसू दिला नाही. त्या दिवशी तुला कोणी पत्र मागितलं असतं, तर आज ही कमान बांधायला कोण आलं असतं?"

मान खाली घालून उभ्या राहिलेल्या व्यापाऱ्याच्या खिशात भाषणाचा कागद होता. त्याचे पहिलेच वाक्य होते, 'मला कोणी शिकवलं नाही.' त्याने तो कागद बाहेर काढला नाही. गुरूंच्या हातून तांब्या घेतला आणि तो बाईपाशी गेला.

"हात पुढं करा, बाई."

ती अवघडली. तिने कसेबसे हात पुढे केले. त्यांनाही पिवळा रंग होता.

"पुरे, शेट," ती म्हणाली. पदराला हात पुसले, आणि कमानीकडे मान वर करूनही न पाहता ती आत गेली.

भाषण झाले नाही. दुसऱ्या दिवशी पेठ उघडण्याआधी व्यापाऱ्याने चार हमालांना हाताशी घेऊन रांजण कमानीखाली, जुन्या जागी आणला, आणि विहिरीवरून पाणी आणून स्वतः भरला.

आपण ज्या दाराने आत आलो, तिथे आज कोण ताटकळत उभे आहे, हे अधूनमधून बाहेर येऊन पाहावे.