डोहातला कॅमेरा

"मग जुन्याचं काय?" उस्तादांनी विचारलं.

विश्राम देवतळे नव्या कॅमेऱ्याचं माहितीपत्रक उघडून बसला होता. सोबत कुठली लेन्स घ्यावी, एवढंच विचारायला तो आला होता.

"जुना डोहात गेला, उस्ताद. तुम्हाला ठाऊक आहे."

चंद्रपुरात ते पुष्कळांना ठाऊक होतं. गेल्या वर्षी मोहफुलांच्या दिवसांत, नाल्यातल्या डोहाकाठी, अस्वलानं वनमजूर लिंगू मडावीवर झडप घातली होती. विश्राम फोटो काढायला त्याच्यासोबत गेला होता. त्यानं कॅमेरा फेकला, काठी उचलली आणि अस्वलाला हुसकावलं. लिंगूचा एक डोळा गेला, पण जीव वाचला. विश्रामचा सत्कार झाला. त्या सत्काराचा फोटो त्यानं आपल्या फोटोच्या दुकानात टांगला होता.

याकूब उस्तादांनीच त्याला कधीकाळी कॅमेरा धरायला शिकवलं होतं. आता ते फक्त दुरुस्तीचं काम करत.

त्यांनी टेबलाचा खण ओढला आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी समोर ठेवलं.

फडकं सुटायच्या आधीच विश्रामनं ओळखलं.

उस्ताद सांगू लागले. यंदा डोह तळापर्यंत आटला. लिंगूला चिखलात हा सापडला. गमछ्यात बांधून, सायकलवर अठरा कोस तुडवत तो घेऊन आला. साहेबांनी माझ्यापायी फेकलेला, असा मेलेला कसा नेऊन देऊ, म्हणाला. उस्तादांनी आधी नाही म्हटलं होतं. मग महिनाभर बसून ब्रशनं चिखल काढला, गंज खरवडला, भंगारातल्या दुसऱ्या कॅमेऱ्याचं शटर याला बसवलं.

"आणि... कार्ड?"

"कार्डाला काही झालं नाही."

उस्तादांनी बटण सरकवलं. हिरवा दिवा लागला. विश्रामनं खुर्ची मागे घेतली.

"तुम्ही पाहिलंत?"

"चालतो का ते पाहावं लागतं."

"किती पाहिलेत?"

उस्ताद चष्मा पुसत राहिले...

चौदा फोटो होते. विश्रामला ते उघडून बघायची गरज नव्हती. वर्षभर डोळे मिटले की तेच दिसत होते. पहिल्यात लिंगू मागे वळून बघतोय. चौदाव्यात तो खाली पडलाय आणि त्याचा हात कॅमेऱ्याकडे पसरलाय. काठी विश्रामनं उचललीच नव्हती. शुद्ध हरपलेल्या लिंगूला सोडून अस्वल आपणहून निघून गेलं होतं. कॅमेरा डोहात पडला तो विश्राम पळत सुटला तेव्हा.

"लिंगू चार वाजता येतोय," उस्ताद म्हणाले. "त्याला तो स्वतः तुझ्या हातात द्यायचाय."

चारला दहा मिनिटं कमी होती.

विश्राम हलक्या आवाजात विनवू लागला. दुरुस्त झाला नाही म्हणून सांगा. भंगारात गेला म्हणून सांगा. मी नवा घेतोच आहे, याची कुणाला गरज आहे...

उस्तादांनी कॅमेरा त्याच्याकडे सरकवला.

"तुझा आहे."

विश्रामनं तो उचलला. घामानं अंगठा दोनदा बटणावरून घसरला. सगळे फोटो पुसायचे का, असं पडद्यावर आलं. तिसऱ्यांदा बटण दाबलं गेलं.

पडदा काळा झाला. कार्ड रिकामं.

बाहेर सायकल स्टँडवर लावल्याचा आवाज झाला. कुणीतरी पायरीवर वहाणा काढत होतं.

"आता यात काही नाही, उस्ताद." विश्रामनं कितीतरी वेळानं श्वास सोडला.

"नाही ना..." उस्तादांनी दाराकडे पाहिलं. "मग आता तुला तोंडानंच सांगावं लागेल."