घाट चढणारं इंजिन

“बॉनेट उघडायचं नाही, चावी लावायची नाही आणि गाडीला बोटसुद्धा लावायचं नाही! आता सांगा शैलाबाई, ह्या पाच गाड्यांत सगळ्यात चांगलं इंजिन कुठलं?”

बापूशेठ पिसाळांनी अशी अट घातली आणि खुर्चीत रेलून मिशीला पीळ भरला. वाईत जुन्या गाड्या विकणारा हा गृहस्थ मनाने वाईट नव्हता, पण गिऱ्हाइकाची फिरकी घेतल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. कुणी सोबत मेकॅनिक आणला, तर त्याला फाटकाच्या आत घ्यायचा नाही. “माझ्यावर विश्वास नाही तर गाडी कशाला घेता?” असं वर विचारायचा!

शैला गुरव पुरणपोळ्या आणि फराळ करून विकायची. पाचगणीच्या एका हॉटेलने तिला रोजच्या दीडशे पोळ्यांचं काम दिलं होतं, पण पोळ्या सकाळी आठच्या आत पोचायला हव्यात. म्हणून सोमवारपर्यंत एखादी जुनी हॅचबॅक घेणं भाग होतं. गाठीला जेमतेम एक लाख तीस हजार, आणि इंजिन हवं होतं पसरणीचा घाट रोज चढणारं. घाटात गाडी बसली की काम गेलं, पैसे तर आधीच गेलेले!

“आवो शेठ, इंजिन तरी बघू द्या,” एवढंच ती बिचारी म्हणाली होती.

“बाईमाणसाला पोळीतलं कळतं. इंजिनातलं काय कळणार!”

“आन् कळलं तर?”

झालं! शेठना चेव चढला. बरोबर ओळखलं तर ती गाडी एक लाख तीस हजारांत, मग तिची किंमत काही का असेना. चुकलं, तर शेठ देतील ती गाडी त्याच पैशांत निमूट न्यायची.

“कबूल,” शैला म्हणाली. “पर इस्माईल मिस्त्री साक्षीला पाहिजेत.”

इस्माईल मिस्त्री शेठकडेच वीस वर्षं इंजिनं उघडत होते. पण खोटं बोलताना त्यांचे कान लालबुंद होतात, हे सगळ्या वाईला ठाऊक होतं. शेठनी नाइलाजाने मान हलवली आणि मिस्त्रींना हाक मारून बोलावलं.

तेवढ्यात शेठचा फोन वाजला. नाव बघताच ते खुर्चीतून ताडकन उठून उभे राहिले.

“नमस्कार, नमस्कार व्याहीबुवा! वाण पसंत पडलं ना? छे छे, उपकार कसले! धोंड्याचा महिना, जावयाचा मान. जावईबापूंना सुट्टी नाही, म्हणून काल आम्हीच वाण घेऊन पाचगणीला आलो. अनारसे आवडले? वा, वा!”

शेठ फोनवर असे लवून लवून बोलत होते आणि शैला दोन्ही हात पाठीमागे बांधून गाड्यांच्या रांगेतून फिरत होती. पहिली गाडी लालभडक, आरशासारखी चकचकीत. दुसरीला नवंकोरं रेक्झिन. तिसरीत गाण्यांचा डबा, चौथीला मागे पंखासारखं काहीतरी लावलेलं. पाचवी मात्र राखाडी, दाराला पोचा पडलेली, तिच्याकडे कोण बघतंय! शैलाने प्रत्येक काचेतून आत डोकावून पाहिलं. पाचव्या गाडीपाशी ती जरा जास्तच वेळ वाकली.

“झालं का? लाल छान आहे बघा!” शेठनी गळ टाकला.

“मला ही राखाडी द्या.”

शेठची मिशी खाली आली. “ही? ही कशावरून?”

“शेठ, तुम्ही घरची अशी वेगळी गाडी ठेवत नाही. कुठं जायचं झालं की हितलीच काढता. खरं ना?”

“बरं, मग?”

“ह्या गाडीत पुढच्या सीटपाशी खसखस सांडलीया. अनारशाची!”

“वाळू असेल ती!”

“वीस वर्षं अनारसे तळतीया मी. वाळू आन् खसखस मला कळंना व्हय? काल वाण घेऊन तुम्ही ह्याच गाडीनं गेलाय. जायचं लेकीच्या सासरी, ते बी घाट चढून! व्याह्यांच्या दारात गाडी बंद पडली, आन् जावयानं मागनं ढकलली, तर जन्माची नाचक्की. लाल गाडी काढली असती तर केवढा रुबाब झाला असता! तरी तुम्ही ही पोचा पडलेली काढली. रुबाबापरीस इंजिनाचा भरवसा मोठा वाटला म्हणूनच ना?”

शेठनी मिस्त्रींकडे पाहिलं. “मिस्त्री, सांगा हिला, चुकलं म्हणून!”

मिस्त्रींनी तोंड उघडलं. पण त्याआधी त्यांचे कानच बोलले! ते बघून शेठना असं हसू फुटलं की खुर्ची करकरायला लागली. हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

“हरलो बाई, हरलो! मिस्त्री, हिला चावी द्या. आणि चारी टायर नवे घाला, माझ्याकडून. दिवाळीच्या फराळाची ऑर्डरही हिलाच!”

“घेते की,” शैला म्हणाली. “पर शेठ, अनारशाचं पीठ नीट मुरलं न्हवतं. म्हणून एवढी खसखस सुटली.”

“हळू बोल गं! आमच्या मंडळींनी केलेत ते!” शेठनी घाबरून घराकडे पाहिलं. मग एकाएकी त्यांचा चेहरा पडला. “पण काय गं, दिवाळीला लेक-जावयांना आणायला मी आता कुठली गाडी काढू?”

शैलाने चावी कनवटीला लावली.

“या की माझ्याकडं! माझ्याच गाडीनं जाऊ. फकस्त बॉनेट उघडायचं नाही, चावी लावायची नाही. पोळ्यांचा डबा मांडीवर घ्यायचा आन् गप मागं बसायचं!”