भिवबानं न सांगितलेला आकडा

मी सातवीतच शाळा सोडली. शुद्धलेखन चुकलं, शब्द साधे पडले, तर पोटात घाला. गोष्ट आमच्या निंबखेड्याची आहे, खळ्यावर ऐकली तशीच सांगतो.

फार वर्षांपूर्वी, ज्वारी काट्यावर नाही तर पायलीनं मोजत, तेव्हा गावात भिवबा मापारी होता. पहिलं माप टाकताना तो 'एक' म्हणायचा नाही, 'लाभ' म्हणायचा. मग दोन, तीन. रास नुसती बघून तो पायल्या सांगायचा, आणि मोजल्यावर तेवढ्याच भरायच्या. असं म्हणतात, त्याचा शब्द दाणेसुद्धा मोडत नसत.

पाटलाला मात्र हे काम आपल्या मेहुण्याला द्यायचं होतं. ऐन सुगीत तो भर खळ्यावर म्हणाला, "भिवबा, लई आकडं सांगतोस. आभाळात चांदण्या किती, ते सांग की! तीन राती देतो. न्हाई जमलं, तर पायली खाली ठेवायची."

सगळे हसले. भिवबा हसला नाही. पायली त्याच्या पणजोबापासूनची होती.

रात्री तो खळ्यात उताणा निजला. फाटक्या चाळणीचं कडं हात लांब करून धरलं आणि कड्यातल्या चांदण्या मोजल्या. लाभ, दोन, तीन... मग अख्खं आभाळ अशा किती कड्यांत बसेल, ते पाहिलं. दुसऱ्या रात्री आकडा जुळला.

तिसऱ्या रात्री ताळा करायला तो पुन्हा निजला. कड्यात जिथं नुसता काळोख होता, तिथं बघत राहिला. हळूच एक बारीक चांदणी उमटली. तिच्यामागं अजून एक. तिच्याही मागं धुरळ्यासारख्या कितीतरी. असं म्हणतात, त्या रात्री आभाळानं त्याला आपल्या राशीचं पोट दाखवलं.

पहाटे त्याची बायको ठकू भाकरी घेऊन आली.

"अवो, आकडा जुळलाय न्हवं? मग ठोकून द्या. वर चढून कोण मोजणार हाय?"

"ठके, मी वरवरचं दाणं मोजलं गं. रास आत हाय."

"मग पायली जाईल की!"

"जाईल."

चावडीपुढं तो म्हणाला, "पाटील, डोळ्याला दिसत्यात तेवढ्या सांगंन. पर त्यो वरचा थर झाला. आत किती, मला ठाव न्हाई." आणि त्यानं पायली खाली ठेवली.

मेहुणा ती उचलायला वाकला. रिकामी पायली हलेना. चार गडी लागले, तरी हलेना. असं म्हणतात, ज्यानं वाकून आत पाहिलं त्याला तळ दिसला नाही. शेवटी पाटलानं हात जोडले. "घे बाबा, तुझी तूच उचल." भिवबानं ती एका हातानं उचलली.

आता निंबखेड्यात ज्वारी काट्यावर जाते. तरी वजनाआधी राशीत कोपरापर्यंत हात घालून आतली एक मूठ काढतात आणि न मोजता पाखरांना टाकतात. तिला भिवबाची मूठ म्हणतात.

कारण पायली परत उचलली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पाटलाच्याच राशीवर, भिवबानं तसंच केलं होतं.

"ही कितीत धरायची?" पाटलानं विचारलं.

"धरायची न्हाई," भिवबा म्हणाला, आणि मापाला बसला.