दार नसलेलं देऊळ

दार नसलेलं देऊळ तुम्ही कुठे पाहिलं आहे का?

आमच्या पिंपरखडीत आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी डांबरी सडक संपते आणि पाड्यांकडे चढणारी पाऊलवाट सुरू होते, तिथेच ख्रिस्ती मंडळीचं हे लांबट, कौलारू देऊळ उभं आहे. चौकट आहे, उंबरा आहे, चौकटीच्या लाकडात बिजागऱ्यांच्या खाचाही दिसतात. दार मात्र नाही. रविवारी प्रार्थना चालू असताना शेळ्या आत शिरतात, त्यांना कोणी फारसं हाकलत नाही. पावसाळ्यात वारं फिरलं की पुढच्या चटया भिजतात, मग माणसं उठून चटया मागे ओढून घेतात. एकदा शहरातून आलेल्या पाहुण्यांनी चांगलं सागवानी दार करून देतो म्हटलं. मंडळीतल्या बायकांनी त्यांना चहा दिला, आभार मानले आणि हात जोडून नको म्हणून सांगितलं.

का नको, ते सांगते. माझ्या आधीच्यांनी मला सांगितलं तसंच सांगते.

साहेबाचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. दूर उत्तरेला नॉर्वे नावाचा बर्फाचा मुलूख आहे, तिथून एक तरुण बाई सेवेसाठी इथे आली. नाव सोल्वेग. ते नाव इथल्या जिभेला वळेना, म्हणून गाव तिला सुलवाबाई म्हणू लागलं. नर्सचं शिक्षण घेतलेली, उंच, उन्हानं कायम लालबुंद झालेली बाई. मराठी शिकली, पण 'तुम्ही' म्हणायला काही शिकली नाही. पाटलालासुद्धा सरळ "ए, जीभ दाखव" म्हणायची, आणि पाटील मुकाट्यानं जीभ काढायचे, म्हणे.

हे देऊळ सुलवाबाईंनीच बांधून घेतलं. तेव्हा तो एकच लांब सोपा होता. आठवडाभर तिथे दवाखाना चालायचा आणि रविवारी बाकं सरकवून प्रार्थना व्हायची. आत जायला-यायला एकच दार. सुलवाबाई तिथेच एका कोपऱ्यात पडद्यामागे राहायच्या. त्यांच्याबरोबर शांतवन मास्तर होते. ते नगरकडून आलेले, शाळा घ्यायचे, पेटी वाजवायचे आणि तोंडाचे मोठे थट्टेखोर होते.

पहिल्याच वर्षी पाड्यावरची रुमली नावाची पावरा जमातीची बाई बाळंत व्हायला आली. आली, आणि दाराबाहेर चिंचेखाली बसून राहिली. कळा येत होत्या तरी बसून राहिली. डोंगरातल्या माणसांना तीच सवय होती. वाण्याच्या दुकानात जा, जंगल खात्याच्या कचेरीत जा, बोलावणं येईपर्यंत बाहेर बसायचं, उंबरा ओलांडायचा नाही. सुलवाबाई पाणी फेकायला बाहेर आल्या तेव्हा त्यांना ती दिसली. त्यांनी तिला जवळजवळ उचलूनच आत नेलं. मुलगा झाला. रविवारी, त्यांच्या बोलीत दितवारी, झाला म्हणून त्याचं नाव दित्या ठेवलं. पहिल्यांदा त्याला पुसून, गुंडाळून घेताना सुलवाबाई आपल्या देशातलं नाताळचं एक गाणं गुणगुणत होत्या. रुमलीनं ते ऐकलं, आणि चाल लक्षात ठेवली.

पाड्यावर परत निघताना सुलवाबाईंनी तिला चांगलं दटावलं.

"पुन्हा बाहेर बसलीस तर मी रागावणार. हे दार उघडं दिसलं की सरळ आत यायचं. हाक मारायची नाही, विचारायचं नाही."

रुमलीनं विचारलं, "आन् लागेल असलं तर?"

सुलवाबाई हसल्या. "ते कधी लागणारच नाही. देवासमोर सांगते."

हा त्यांचा शब्द. पाड्यापाड्यांवर तो पोचला. दार उघडं दिसलं की आत जायचं. आणि खरंच, त्यानंतर ते दार लागलं नाही. थंडीत नाही, आजारपणात नाही, गावात वाघाची आवई उठली तेव्हाही नाही. लोक कधीही यायचे आणि सरळ आत जाऊन बाईंच्या खाटेपाशी उभे राहायचे. रुमलीही यायची, दित्याला कडेवर घेऊन, कधी मोहाची फुलं, कधी मध घेऊन. दित्या धावू लागला तसा आईच्या आधी तोच उंबरा ओलांडायचा आणि बाईंच्या झग्याला धरून उभा राहायचा.

अशी काही वर्षं गेली. मग एका वर्षी, नाताळ तोंडावर आलेला असताना, बाईंच्या मुलखातून एक पेटी आली. आत पेंढ्यात गुंडाळलेल्या मेणबत्त्या होत्या. त्यांच्या आईनं घरी ओतलेल्या. जहाजात उकाड्यानं त्या वाकल्या होत्या, एकीला एक चिकटल्या होत्या. पेटी वाटेत होती तेवढ्यात आई वारली होती. ती बातमी पेटीच्या आधीच येऊन पोचली होती.

सुलवाबाई रडल्या नाहीत, असं सांगतात. त्यांनी कोमट पाण्यात एकेक मेणबत्ती बुडवून हातानं सरळ केली. संध्याकाळी त्या मास्तरांना म्हणाल्या, "आमच्या घरी नाताळला बाहेर बर्फ असायचं. आई सगळी दारं लावायची, दिवे घालवायची, मग एकेक मेणबत्ती पेटवायची. ज्योत हलायचीसुद्धा नाही. मला एकदा तसा नाताळ करायचा आहे, मास्तर. एकदाच."

नाताळच्या दिवसांत सातपुड्यावरून वारं सुटतं. उघड्या दारात कंदीलही जपावा लागतो, तिथे मेणबत्तीचं काय?

मास्तर आपल्या सवयीनं म्हणाले, "बाई, तुमच्याकडं देव गारठतो वाटतं! आमचा तर गोठ्यात जन्मला. गोठ्याला कुठं दार असतं?"

बाईही हसल्या. पण त्यांचा चेहरा बघून मास्तर लगेच म्हणाले, "लावू की. तासाभरानं काय होतंय?"

नाताळच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, मंडळी जमली. थोडीच माणसं होती. बायकांनी फराळाच्या पराती झाकून कोपऱ्यात ठेवल्या. सुलवाबाईंनी स्वतः दार ओढलं आणि अडसर घातला. इतक्या वर्षांत न हललेलं ते दार मोठ्यानं कुरकुरलं, तेव्हा पोरं हसली. मग बाईंनी कंदील घालवला आणि आईच्या मेणबत्त्या एकामागून एक लावल्या. ज्योती सरळ उभ्या राहिल्या. भिंतीवर त्यांचा पिवळा, शांत उजेड पडला. मेणाचा वास आला आणि सुलवाबाईंना आईचे हात आठवले, पीठ लागलेले, दाराची कडी ओढून घेणारे. कितीतरी दिवसांनी त्यांना आपण घरी आहोत असं वाटलं. त्यांनी डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली. दित्या जन्मला तेव्हा गुणगुणलं होतं तेच गाणं. मास्तरांनी त्याचं मराठी केलं होतं, सगळ्यांना पाठ होतं.

त्याच वेळी रुमली डोंगर उतरून आली होती. दित्याचा घसा सुजला होता. घटसर्पाची साथ होती ती. श्वास घेताना त्याची छाती आत ओढली जात होती. त्याला पाठीशी बांधून ती धावत आली होती, ठेचकाळत, काट्यांतून. बाईंकडे वाफेचं भांडं होतं, औषध होतं. अगदीच वेळ आली तर गळ्याला बारीक छेद देऊन नळी बसवण्याचं त्या शिकल्या होत्या, आणि तशी मुलं त्यांनी वाचवलीही होती. रुमलीला हे ठाऊक होतं. म्हणून तर ती आली होती.

आली, आणि बघते तर दार बंद.

फटीतून उजेड येत होता. आतून गाणं ऐकू येत होतं. दार वाजवावं असं तिला वाटलं नसेल का? वाटलं असेल. पण बाई म्हणाल्या होत्या, उघडं दिसलं की आत यायचं. आज उघडं नव्हतं. ज्या अर्थी बाईंनी दार लावलं आहे, त्या अर्थी आत देवाचं काही मोठं काम चाललं असणार, असं ती समजली. देवाच्या कामात मध्येच हाक मारली तर देव कोपेल, आणि कोप दित्यावर होईल, ही भीती. ती पायरीवर बसली, दित्याला मांडीवर घेतलं आणि पदरानं वारं अडवलं. अडसर आतून काढतील त्याची वाट बघत राहिली. पूर्वी चिंचेखाली बसली होती तशीच.

आत गाणं चालूच होतं. ते संपलं, मग दुसरं झालं. मास्तरांनी शास्त्रपाठ वाचला. एवढ्या वेळात एकही ज्योत विझली नाही. शेवटचा आशीर्वाद झाला, सगळ्यांनी एकमेकांचे हात हातात घेतले आणि सुलवाबाईंनी हसतमुखानं अडसर काढला.

पायरीवर कोणी बसलं आहे हे आधी दिसलंच नाही. दार उघडताच रुमली उठली आणि माणसांना बाहेर पडायला वाट हवी म्हणून मुलाला घेऊन बाजूला सरकली.

"रुमली?" सुलवाबाई म्हणाल्या. "कधी आलीस?"

तिनं पदर बाजूला केला. मूल पुढे केलं. सुलवाबाईंनी त्याला घेतलं. अंग अजून कोमट होतं. त्यांनी त्याला मेणबत्त्यांच्या उजेडात नेलं, त्याचं तोंड उघडून पाहिलं, छातीला कान लावला, पुन्हा लावला. वाफेचं भांडं आणा म्हणून ओरडल्या. कोणी आणायला धावलंही. मग त्यांनीच हात हलवून नको म्हटलं.

"हाक का नाही मारलीस?" त्यांनी विचारलं. "अगं, मी इथेच होते. हाक का नाही मारलीस?"

"बाय, दार लागेल व्हतं," रुमली म्हणाली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता, गाऱ्हाणंही नव्हतं. राग असता तर तो सुलवाबाईंना सोसला असता, असं जुनी माणसं सांगतात.

मग रुमली पुन्हा बोलली. "तुमचं ते गाणं लागलं, तसा त्यो ऐकत व्हता. डोळे उघडले त्यानं. मंग मधीच ऐकायचा थांबला."

ती रात्र सुलवाबाई आणि रुमली त्या सोप्यात मुलाच्या दोन बाजूंना बसून होत्या. दार सताड उघडं होतं आणि वाऱ्यानं सगळ्या मेणबत्त्या केव्हाच विझवल्या होत्या. शांतवन मास्तर पायरीवर बसून होते. त्यानंतर त्यांना कोणी थट्टा करताना पाहिलं नाही.

सुलवाबाई नंतर मायदेशी गेल्या नाहीत. पुढच्या वर्षी नाताळच्या आदल्या संध्याकाळी मंडळी जमली तेव्हा त्यांनी तेच गाणं धरलं, आणि मध्येच थांबल्या. का थांबल्या ते सगळ्यांना कळलं. त्यांनी कंदील उचलला आणि उंबऱ्यापाशी जाऊन अंधारात विचारलं, "बाहेर कोणी आहे का? आत या."

पायरीवर रुमली बसलेली होती. रिकाम्या हातांनी.

ती आत आली. उंबऱ्याला लागूनच बसली. ती ख्रिस्ती झाली नाही, आणि बाईंनी तिला तसं कधी म्हटलंही नाही. पण त्यानंतर दर नाताळला ती यायची, पायरीवर बसायची, आणि हाक आल्यावर आत यायची. दोघी म्हाताऱ्या होईपर्यंत हे चाललं, म्हणे. आधी बाई गेल्या, मग त्याच हिवाळ्यात रुमली.

आजही पिंपरखडीत नाताळच्या आदल्या संध्याकाळी ते गाणं पुरं म्हणत नाहीत. मधल्या ओळीशी पेटी थांबते. लहान पोरंही गप्प होतात. मंडळीतली सगळ्यांत वयस्क बाई कंदील घेऊन उंबऱ्यापर्यंत जाते आणि बाहेर बघून विचारते, "बाहेर कोणी आहे का? आत या." बहुतेक वेळा कोणी नसतं. एका वर्षी एसटी बंद पडली म्हणून एक कंडक्टर खरंच पायरीवर बिड्या फुंकत बसला होता. हाक आल्यावर तो एवढा दचकला की टोपी तिथेच टाकून आत आला. त्याला पोटभर जेवू घातलं. नंतर बरीच वर्षं तो नाताळला केळीचा घड पाठवायचा. कोणी नसलं तरी आम्ही थोडा वेळ तसेच गप्प राहतो, आणि गाण्याचा उरलेला भाग मनातच ठेवून घरी जातो. मेणबत्त्या कोणी लावत नाही. आणि नाताळच्या सकाळी आपल्या घरी चूल पेटायच्या आधी मंडळीतली माणसं डोंगरावर पाड्यांवर जातात, जेवण आणि औषधं घेऊन. आजारी कोण, बाळंतीण कोण, ते घरोघर विचारतात. बोलावण्याची वाट बघत नाहीत.

पाहुणे नेहमी विचारतात, मग त्या दाराचं काय झालं?

दित्या गेला त्या नाताळच्या सकाळी, उजाडल्यावर, सुलवाबाईंनी आणि शांतवन मास्तरांनी ते दार बिजागऱ्यांतून काढलं, त्यावर दित्याला निजवलं, आणि दोघांनी ते खांद्यावर घेऊन रुमलीच्या मागोमाग डोंगर चढून त्याला त्याच्या घरी नेलं.