रिकाम्या हातांचा पाहुणचार

फार पूर्वी, म्हणजे नक्की कधी ते विचारू नका, पण पुरणपोळी तेव्हाही होती, आभाळमाळ नावाचं एक गाव होतं. उंच पठारावर वसलेलं. तिथली माणसं मेंढरं पाळायची, लोकर कातायची आणि घोंगड्या विणायची. घोंगडी अशी की गार वाऱ्यात अंगावर घेतली तर माणूस उठायचं नाव घेत नसे.

गावात एकच दुखणं होतं. तळ्याची भिंत. गावचा गवंडी कोंडाजी दर वर्षी चुना घोटून ती बांधायचा आणि दर वर्षी तिला तडा जायचा. पाणी झिरपून जायचं. चैत्र लागला की तळ्यात नुसता गाळ उरायचा आणि अर्ध्या गावाला मेंढरं घेऊन मुलाबाळांसकट दूरदेशी निघून जावं लागायचं. गावची कारभारीण होती मथूआत्या. तिचा लेक, सून, नातवंडं सगळी त्या अर्ध्या गावात. चार महिने ती एकटी भाकरी थापायची आणि एकटी खायची. कारभारीण झाली म्हणून काय झालं, आईच ना ती!

एकदा एक मिठाचा व्यापारी गावात आला. तो म्हणाला, "समुद्रापलीकडे दुसऱ्या राजाचं राज्य आहे. तिथे एक बेट आहे. बेटावरची माणसं चुना न घालता, दगडावर दगड नुसता बसवून भिंत रचतात. समुद्राच्या लाटा आपटतात तिच्यावर, पण एक दगड हलत नाही. थंडीने मात्र कुडकुडतात बिचारी. घोंगडी कशी विणतात ते त्यांना ठाऊक नाही."

मथूआत्याच्या डोळ्यांत चमक आली. तिने व्यापाऱ्याबरोबर निरोप धाडला. तिकडून होकार आला. ठरलं असं, की दर वर्षी इकडची सात माणसं तिकडे जातील, तिकडची सात इकडे येतील. मजुरी नाही, बिदागी नाही. आपखुशीने यायचं. एक महिना बरोबर राहायचं, बरोबर राबायचं, एकमेकांचं शिकायचं.

आधी आभाळमाळची सात जणं बेटावर जाऊन आली. त्यांत सगुणा नावाची विणकरीण होती. जिभेला धार आणि डोकं तल्लख, त्यामुळे महिनाभरात बेटाची भाषा तिने उचलली. पण घरी परतली ती नाक मुरडतच.

"काय सांगू आत्या!" ती पारावर बसून म्हणाली. "होडीतून उतरले, तर पायावर पाणी नाही, गुळाचा खडा नाही. एक म्हातारी आली, तोमारा नावाची. तिने हसून माझ्या हातात दगडांची टोपली दिली! पहिल्याच दिवशी! पाहुण्याला अशी टोपली देतात का कुठे?"

"अगंबाई!" पार हळहळला.

"म्हणजे वाईट नव्हती हो माणसं. हसवायची, गाणी म्हणायची. पण रीतभात म्हणून काही असते की नाही?"

ही गोष्ट तिने त्या दिवशी सांगितली, दुसऱ्या दिवशी सांगितली आणि पुढचे दोन महिने जो भेटेल त्याला सांगितली. गावाने मनाशी ठरवून टाकलं की त्यांना नाही ना पाहुणचार येत, मग आपण दाखवून देऊ पाहुणचार म्हणजे काय!

बेटावरची सात माणसं आली. पुढे तोमारा, सत्तरीची, पण हात मुसळासारखे. अहाहा, काय थाट केला गावाने! वेशीवर ओवाळलं. पाय धुतले. रांगोळ्या काढल्या, पाट मांडले, पुरणाचा घाट घातला. मऊ घोंगड्यांच्या गाद्या केल्या. पाहुणे जेवून उठले आणि बाह्या सरसावून उभे राहिले.

"अहो, बसा बसा!" सगळे ओरडले. "काम कसलं करताय? पाहुणे ना तुम्ही!"

'बरोबर राबायचं' असं ठरलं होतं खरं. पण ते आपलं बोलायची रीत, असं गावाने धरलं.

दुसऱ्या दिवशी एका पाहुणीने पाण्याची घागर उचलली. चार बायका धावल्या आणि तिच्या हातातून घागर काढून घेतली. एक पाहुणा मागावर बसायला गेला, तर सगुणाने त्याला हाताला धरून उठवलं आणि पुढ्यात लाडू ठेवले. तोमारा तर थेट तळ्यावर गेली. तडा गेलेली भिंत तिने नीट निरखली, एक दगड उचलला. कोंडाजी धापा टाकत आला. त्याने दगड तिच्या हातातून घेतला, स्वतःचं मुंडासं सोडून जमिनीवर अंथरलं आणि तिला त्यावर बसवलं. वर वारा घालायला लागला!

तोमाराचा चेहरा उतरला.

दिवस जात होते. पाहुणे गप्प गप्प होत चालले. जेवण अर्ध्यावर टाकून उठायचे. गावाला वाटलं, चव आवडली नसेल. त्यांनी तूप वाढवलं. तरी जेवेनात. मग शेवयांची खीर केली. खीर बघून तर एक धिप्पाड पाहुणा मुसमुसून रडायलाच लागला.

"गहिवरून आलं त्याला," कोंडाजी म्हणाला. शहाणाच की नाही!

बाराव्या दिवशी सकाळी मथूआत्या लाडवांचं ताट घेऊन पाहुण्यांकडे गेली, तर सातही जणांनी गाठोडी बांधलेली. भिंत तशीच होती. चैत्र दीड महिन्यावर आला होता. सुनेने भांडीकुंडी आवरायला सुरुवातसुद्धा केली होती. पाहुणे असे निघून गेले तर पुन्हा कोणाला बोलावणार? आणि कोण येणार?

तिने सगुणाला हाक मारली. "विचार गं त्यांना, आमचं काय चुकलं?"

सगुणाने विचारलं. तोमाराने मान वर केली आणि उलट विचारलं, "आमचं काय चुकलं, ते तरी सांगा. आमचा गुन्हा काय?"

"गुन्हा? कसला गुन्हा?" सगुणा गोंधळली.

तोमारा सांगू लागली आणि सगुणा एकेक वाक्य गावाला समजावू लागली. "आमच्या बेटावर कोणी फार मोठा अपराध केला, तर आम्ही त्याला मारत नाही. नऊ दिवस त्याला पोटभर जेवायला घालतो, मऊ बिछाना देतो. पण त्याच्या हाताला काम लागू देत नाही. त्याने काही उचललं तर हातातून काढून घेतो. दहाव्या दिवशी त्याला होडीत बसवून सोडून देतो. तो आमचा उरत नाही. तुम्ही आम्हाला पहिल्या दिवसापासून तसंच वागवलंत. आज बारावा दिवस. दोन दिवस जास्तच दिलेत, म्हणजे आमचा गुन्हा फारच मोठा असणार."

मथूआत्याच्या हातातलं ताट तिथेच खाली ठेवलं गेलं.

सगुणाने विचारलं, "तोमारा, मी बेटावर उतरले तेव्हा तू माझ्या हातात टोपली दिलीस. ती..."

"ती माझ्या आईची टोपली," तोमारा म्हणाली. "आजवर मी ती कोणाला दिली नव्हती."

सगुणाने पदर तोंडाला लावला आणि ती ढसाढसा रडली. दोन महिने त्या टोपलीवरून तिने साऱ्या गावासमोर बेटाला नावं ठेवली होती. आता तेच गाव खाली माना घालून उभं होतं. "मला माफ कर," एवढंच ती म्हणाली. तोमाराला कशाची माफी ते कळलं नाही, पण तिने सगुणाच्या डोक्यावरून हात फिरवला.

मथूआत्या तळ्याकडे बघत होती. काय करायला हवं ते तिला कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि करणं वेगळं. जन्मभर तिने पाहुण्याला ताटावरून उठूसुद्धा दिलं नव्हतं.

कोंडाजी तिच्या कानाशी लागला. "आत्या, भलतंच काही करू नका. पाहुण्यांना गाळात उतरवलंत, तर आजूबाजूची गावं तोंडात शेण घालतील. आभाळमाळवाले पाहुण्यांकडून चिखल उपसून घेतात म्हणतील. गावाची अब्रू जाईल."

"गावाची अब्रू!" आत्या फिस्कारली. "आणि ही सात माणसं बारा दिवस अपराध्यासारखी बसली, ती कोणाची अब्रू रे?"

ती तरातरा घरात गेली. बाहेर आली ती गाळ उपसायची पाटी घेऊन. तिच्या रोजच्या वापरातली, काठ झिजलेली. लोक बघत होते. तोमारासमोर येऊन ती थांबली. पाहुणीला असं काही देताना तिला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. तरी तिने पाटी पुढे केली.

"घे," ती म्हणाली. 'घ्या' नाही, 'घे'. "बारा दिवस वाया गेलेत. भिंत तशीच पडलीय. चल, ऊठ, कामाला लाग."

सगुणाने सांगेपर्यंत तोमारा थांबलीच नाही. तिने पाटी घेतली, छातीशी धरली आणि मोठ्याने हसली. सातही गाठोडी धपाधप खाली पडली.

"थांबा!" आत्याने हात आडवा केला. "आधी गूळपाणी. ते घेतल्याशिवाय कोणी चिखलात पाय घालायचा नाही. तुमचा रिवाज मी पाळला, माझाही काही रिवाज आहे की नाही?"

तोमाराने गुळाचा खडा तोंडात टाकला, वर लाडू उचलला आणि लाडू खात खातच तळ्याकडे चालू लागली.

मग काय विचारता! सगळं गाव तळ्यात. पाहुणे आणि यजमान ओळखू येईनात, सगळे गुडघाभर गाळाचे. कोंडाजी दोन दिवस रुसून काठावर बसला. तिसऱ्या दिवशी त्याला राहवेना.

"तुझी भिंत समुद्राच्या लाटा अडवते, कबूल," तो सगुणाला मधे घेऊन तोमाराला म्हणाला. "पण दगडांच्या फटीतून पाणी जाणार नाही का? आम्हाला पाणी साठवायचंय बाई!"

तोमाराने डोकं खाजवलं. बेटावर कोणाला पाणी साठवायचं नव्हतं, त्यामुळे हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. ती म्हणाली, "आणि तुझी भिंत तडकते, कारण तू चुन्याने तिला जखडून टाकतोस. जमीन थोडी हलते. दगडांनाही थोडं हलू दे."

दोघं वाद घालत बसली, जेवायची शुद्ध राहिली नाही. शेवटी कोंडाजीने काळी माती पाण्यात भिजवून पायांनी लोण्यासारखी तुडवली आणि तिचा जाड गाभा उभा केला. तोमाराने त्याच्या दोन्ही अंगांनी दगड रचले, एकेक फिरवून, पारखून, चुन्याशिवाय. अशी भिंत बेटावर कोणी बांधली नव्हती आणि पठारावरही नाही.

दुपारी उन्हं तापली की सगळे मागांवर. सगुणा पाहुण्यांना शिकवायची. चिंचोक्यांची खळ कशी शिजवायची, ती कुंच्याने ताणलेल्या धाग्यांना कशी लावायची, म्हणजे लोकर तुटत नाही. तो धिप्पाड पाहुणा खळीत कोपरापर्यंत माखायचा आणि आनंदाने गायचा. आता तो खीर तीनदा मागून घ्यायचा.

महिना संपला. भिंत पुरी झाली. पूर्ण म्हणजे, वरच्या थरात एका दगडाची जागा तेवढी राहिली होती. कोंडाजीने दगड उचलला.

"ठेव तो खाली," मथूआत्या म्हणाली.

"अहो आत्या, एकच राहिलाय! दिसायला कसं दिसेल?"

"दिसू दे." आत्या तोमाराकडे वळली. गावाने निरोपासाठी नारळ आणले होते, लुगडी आणली होती, पण आत्याने त्यातलं काही उचललं नाही. तिने त्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं. "हे तुझं काम बाकी आहे. पुढच्या वर्षी येऊन कर. दुसऱ्या कोणाला मी हात लावू देणार नाही."

सगुणाने सांगितलं. तोमाराने कोंडाजीच्या हातातला दगड घेतला, जागेत घालून पाहिला आणि मान हलवली.

"हा बसणार नाही," ती म्हणाली. "येताना बेटावरून आणीन." आणि डोळे पुसत गाठोडं उचलून चालू लागली.

त्या चैत्रात तळ्यात उरलेलं पाणी झिरपून गेलं नाही, टिकलं. गावातून एकही घर उठलं नाही. मथूआत्या नातवंडांच्या गोंधळात भाकरी थापत होती आणि त्यांच्यावर ओरडत होती, पण खोटं खोटं. पुढच्या वर्षीची पाळी आली तेव्हा सगुणा दुसऱ्यांदा बेटावर जाऊन आली. या खेपेला होडीतून उतरल्या उतरल्या तिनेच विचारलं, "माझी टोपली कुठाय?"

वाटेने जाणारे लोक तळ्यावर थांबून भिंतीचं कौतुक करायचे. मग कोणीतरी हटकून विचारायचं, "इतकी सुरेख भिंत बांधलीत, आणि हा एक दगड काय बसवता आला नाही होय?"

गावातलं शेंबडं पोरसुद्धा उत्तर द्यायचं, "ते आमच्या तोमाराआजीचं काम आहे. यायचीय ती."

तात्पर्य विचाराल तर एवढंच: परक्याला गोडधोड खाऊ घातलं तर तो पाहुणा होतो, आपल्या कामात त्याला वाटा दिला, तरच तो आपला होतो.