शेवटच्या दारातली हाक

या गोष्टीला इतका काळ लोटला, की त्या नगराचं नावही आता कुणाला आठवत नाही.

नगर डोंगराच्या उतारावर वसलेलं होतं. वरती राजवाडा, खाली विणकरांची आळी आणि आळीच्या पायथ्याशी एक खोलगट मैदान. लोक त्याला बसका माळ म्हणत. वर्षाचे आठ महिने विणकर तिथे सुताचे लांब ताणे पसरून त्यांना खळ लावत. उरलेले चार महिने नगराचं सगळं पाणी तिथे येऊन विसावे आणि मग सावकाश पलीकडच्या ओढ्यात उतरे.

त्या नगराची एक रीत होती. नवं घर बांधायचं, तर आधी पाण्याला वाट विचारायची. श्रावणात, जमिनीचं पोट भरलेलं असताना, घरमालक आपल्या जागेवर अकरा घागरी ओती आणि त्या पाण्यावर झेंडूचं एक फूल सोडी. फूल उताराने निघे. ज्याच्या दारावरून जाई, तो मोठ्याने म्हणे, "आलं!" असं एकेक दार बोलत जाई. फूल बसक्या माळात शिरे, रमतगमत तो ओलांडे, आणि ओढ्याकाठच्या शेवटच्या दारातून "आलं!" ऐकू आलं की मगच घरमालक जेवायला बसे. फूल मधे कुठे अडलं, तर घराचा पाया सरकवायचा. त्यावर कुणी वाद घालत नसे.

माळाच्या दोन टोकांना दोन जावा राहत. पाणी माळात शिरे तिथे थोरली, आणि पाणी माळातून बाहेर पडे तिथे, त्या शेवटच्या दारात, धाकटी. लग्न होऊन आल्या तेव्हा दोघी एकाच घरात होत्या आणि मिठाच्या खड्यावरूनही भांडत. वैतागून सासऱ्याने त्यांना माळाच्या दोन टोकांना दोन घरं बांधून दिली. मधे माळ आला आणि दोघींचं पटायला लागलं.

माळ कोरडा असला की रोज सकाळी त्या एकाच ताण्याची दोन टोकं धरून उभ्या राहत.

"ताण गं जरा!" थोरली ओरडे.

"मी ताणलाय, जाऊबाई! तुमचंच टोक ढिलं आहे. काल भाकरी कमी खाल्लीत का?"

"माझी भाकरी मोजू नकोस, तुझी करपलेली असते. वास इथवर येतो!"

अशी चाळीस वर्षं गेली.

थोरलीला एक सवय होती. दर पावसाळ्यात ज्या दिवशी पाणी सर्वांत चढे, त्या दिवशी ती माळातल्या दगडी खांबाशी धागा लावी, आणि पाणी जितकं खोल तितका धागा कापून घरातल्या खुंटीला बांधून ठेवी. कुणी सांगितलं नव्हतं. पण एकही वर्ष तिने चुकवलं नव्हतं.

एकदा शेजारच्या राज्याचा राजा पाहुणा म्हणून आला. राजवाड्याच्या गच्चीवरून नगर पाहताना तो हसून म्हणाला, "नगर देखणं आहे तुमचं. फक्त समोरचा एक दात पडलाय."

त्याचं बोट बसक्या माळाकडे होतं.

ते बोलणं नगराच्या राजाच्या मनाला लागलं. त्याने कारभाऱ्याला बोलावलं. कारभारी हुशार होता आणि कामाचा उरक दांडगा होता. चार दिवसांत त्याने माळावर उभारायच्या चाळीस कमानींच्या बाजारपेठेचा नकाशा आणला.

"रीत मात्र पाळा," राजा म्हणाला.

"पाळतो, महाराज. आजच पाळतो."

पण तो वैशाख होता. कारभाऱ्याने भर उन्हात उताराच्या माथ्यावर अकरा घागरी ओतल्या आणि फूल सोडलं. भेगाळलेल्या जमिनीने पाणी पिऊन टाकलं. फूल तिसऱ्या दारापाशी धुळीत बसलं. तिथून पुढे कुणीच "आलं" म्हटलं नाही. कारभाऱ्याने जाऊन कळवलं, "पाणी माळापर्यंत जातच नाही, महाराज. रीत पाळून पाहिली."

हे थोरलीला कळलं तेव्हा ती आळीतल्या घरोघर गेली. "चला, राजाला सांगू या," ती म्हणाली. कुणी म्हणालं, आम्हाला त्या बाजारात गाळा मिळणार आहे. कुणी म्हणालं, राजाच्या पुढ्यात आपण काय बोलणार? शेवटी नऊ माणसं आली. दहावी धाकटी होती, अकरावी ती स्वतः.

दरबारात थोरलीने धाग्यांची जुडी राजापुढे ठेवली. "महाराज, तहानलेल्या मातीला पाण्याची वाट विचारली, ती काय सांगणार? ती आधी स्वतः पिणार. हे धागे बघा. दर साली माळात किती पाणी असतं, ते यात आहे."

कारभारी हसला. "बाई, धाग्याने कापड विणतात, नगर नाही. आणि पाणी आलंच, तर त्याला आम्ही दगडी मोरी देणार आहोत."

"केवढी?"

"चांगली दोन हात रुंद."

थोरलीने जुडीतला एक धागा सोडला. एक टोक आपल्या पावलाखाली धरलं आणि दुसरं वर उचललं. ते तिच्या हनुवटीला लागलं. "हा सहा वर्षांपूर्वीचा. सबंध माळभर एवढं पाणी होतं, चार दिवस. दोन हातांच्या मोरीतून ते केव्हा जाणार?"

 राजाने धागा हातात घेतला, बोटाला गुंडाळला आणि पुन्हा सोडला. त्याला तिचं म्हणणं पटत होतं. पण पडलेल्या दाताचं बोलणंही कानातून जात नव्हतं.

"बाई, तुमची कळकळ कळते मला," तो म्हणाला. "पण रिकामी जागा ती रिकामीच."

"तिथे माझी जाऊ दिसते, महाराज," थोरली हळूच म्हणाली. ते कुणी ऐकलं नाही.

वर्षभरात कमानी उभ्या राहिल्या. सुंदर होत्या, त्यात खोटं नाही. लोक लांबून बघायला येत. पण थोरली सकाळी दारात आली की समोर भिंत दिसे. ताणा पसरायला जागा नव्हती, त्यामुळे विणकर आखूड पंचे विणू लागले. मग तेही सोडून हमाली करू लागले. धाकटीने माग मोडून बैलगाडीत घातला आणि लेकीच्या गावी निघाली.

"जाऊबाई, रागावू नका," ती म्हणाली.

"मी कशाला रागावू? जाताना मीठ नेतेस ना घरचं?"

दोघी हसल्या.

पहिला पावसाळा कमी पावसाचा गेला. कारभारी मिशीवर हात फिरवत हिंडला. दुसऱ्या वर्षी पाऊस नेहमीसारखा पडला. जास्त नाही, कमी नाही. पाणी उताराने निघालं आणि बाजारपेठेच्या भिंतीशी येऊन उभं राहिलं. दगडी मोरीत बाजाराचा पेंढा आणि केळीची पानं दाटून बसली होती. पाणी मागे फिरलं. गाळ्यांमधलं धान्य भिजलं, विणकरांचे माग बुडाले, वरच्या दोन आळ्यांतल्या चुली विझल्या. जीव कुणाचा गेला नाही, पण सहा दिवस अर्धं नगर छपरांवर बसून होतं.

सातव्या दिवशी राजा गुडघाभर चिखलातून थोरलीच्या दाराशी आला. ती उंबऱ्यातला गाळ काढत होती.

"यंदाचा धागा कापलात का, बाई?" त्याने विचारलं.

"नाही, महाराज. एवढा लांब धागा आता नगरात कुणाकडे आहे? ताणे पसरायला जागा कुठे राहिली?"

राजाने मान खाली घातली. त्याच आठवड्यात त्याने मधल्या कमानी उतरवायला सांगितल्या. कडेच्या आठ राहिल्या, बाकी माळ मोकळा झाला. दगड निघाले, तरी जमीन पूर्वीसारखी बसकी व्हायला पुढे कितीतरी वर्षं लागली.

मग त्याच वर्षीचा श्रावण आला. राजाने स्वतः उताराच्या माथ्यावर अकरा घागरी ओतल्या आणि फूल सोडलं. एकेक दार बोलू लागलं. "आलं!" "आलं!" थोरलीच्या दारावरून फूल गेलं, तेव्हा तीही म्हणाली, "आलं!" फूल माळात शिरलं. सगळे वाट बघत राहिले. ऊन कललं. राजा उपाशी, नगर उपाशी.

"शेवटचं दार का बोलत नाही?" राजाने विचारलं.

"त्या दारातली बाई गेली, महाराज," कुणीतरी म्हणालं. "तिथे आता कुणी राहत नाही."

कारभारी उठला. चिखल तुडवत ओढ्याकाठी गेला आणि त्या ओसाड दारात उभा राहिला. पायाशी फूल थांबलं होतं, त्याने वाकून ते ओढ्यात सोडलं. मग जमेल तितक्या मोठ्याने म्हणाला, "आलं!"

नगर जेवलं. थोरलीने मात्र ताट झाकून ठेवलं. हाक बरोबर होती, पण तिच्या ओळखीची नव्हती.

राजाने धाकटीला आणायला गाडी पाठवली. गाडी रिकामी परत आली. गाडीवानाने निरोप सांगितला, "बाई म्हणाल्या, गुडघे गेले, आता इथेच बरी. जाऊबाईंना सांगा, माझ्या दाराशी इथे ओढा नाही, पण श्रावणात दुपारी मी अजून जेवायची थांबते."

थोरलीने खुंटीवरची जुडी काढली आणि सहा वर्षांपूर्वी... नव्हे, आता तो आठ वर्षांपूर्वीचा झाला होता... तो हनुवटीएवढा धागा वेगळा केला. त्याचं एक टोक आपल्या दाराला बांधलं. दुसरं टोक हातात धरून माळाच्या पलीकडे बघत ती उभी राहिली. तिकडून कुणी ताणलं नाही.

तेव्हापासून त्या नगरात भर श्रावणाखेरीज कुणी पाण्याला वाट विचारली नाही, आणि शेवटच्या दारात हाक द्यायला माणूस नेहमी ठेवला गेला.

बोध: नगरातली मोकळी जागा ही कुणाची तरी वाट असते, तिथे भिंत घालण्याआधी विचारावं, कारण भिंत पाडता येते, पण निघून गेलेलं माणूस परत आणता येत नाही.