काळ्या मेंढीची टोचरी घोंगडी

टोचते म्हणे. तानी, मघापासून लाथाडतेयस ती घोंगडी. चादर नको, पातळ आहे. गोधडी नको, जड आहे. घोंगडी नको, टोचते. मग काय आभाळ पांघरणार आहेस? गप पड आणि ऐक. गौत्या, तूही हसू नकोस.

एक होता राजा, डोंगरातला. रागीट होता आणि त्याहून हट्टी होता. त्याची एक मुलगी होती, शेवंती, आपल्या तानीएवढी. एकदा काय झालं, थंडी आली ती जाईचना. साधी थंडी नव्हती, बरं का. ती शेवंतीच्या अंगातच शिरून बसली. शेकोट्या पेटवल्या, काढे पाजले, काही उपयोग नाही. आधी पावलं गार पडली. मग थंडी वर चढायला लागली. काळजापर्यंत पोचली असती, तर पोर हातची गेली असती.

त्या डोंगरात एक काळी मेंढी राहायची. बोलणारी. म्हातारी आणि माझ्यासारखीच तिरसट. तिच्या लोकरीच्या घोंगडीनं असली थंडी पळते, असं सगळे म्हणायचे. मग राजा गेला तिच्याकडे. म्हणाला, "लोकर दे. उबदार दे, हलकी दे, मऊ दे."

मेंढी म्हणाली, "मागशील तशी उगवते माझी लोकर. पण एक वाढवलं की दुसरं घटतं. काय घटलेलं चालेल ते आधी सांग."

"काहीही घटायला नको. मी राजा आहे."

"असशील. तीनदा कातरण्यापुरतीच लोकर उरलीय माझ्याकडे. विचार करून बोल."

तो कसला विचार करतोय. सगळंच हवं म्हणून बसला. आता मेंढीला काय कळणार याच्या पोटातलं? तिनं दिली आपल्या मनानं. विणकरांनी घोंगडी विणली. ऊब भरपूर होती, पण जड केवढी. शेवंतीच्या अंगावर घातली तर पोरीला श्वास घेता येईना. काढावीच लागली. तोवर थंडी गुडघ्यापर्यंत चढली.

मग राजा मेंढीवर खेकसला, "हलकी पाहिजे होती."

"मग काय घटू दे?"

"सांगितलं ना एकदा, काही नाही."

मेंढीनं खूर आपटला आणि दिली हलकी. अशी मऊ, की गालावरून फिरवत राहावी. पण वारा आरपार. थंडी कमरेपर्यंत आली. आणि लोकर राहिली एकाच घोंगडीपुरती.

आता मला राग कशाचा येतो, सांगू? राजानं मग दरबार भरवला. प्रधान म्हणाला, ऊब बघा. वैद्य म्हणाला, वजन बघा. राजाची आत्या म्हणाली, राजकन्येची कातडी नाजूक, मऊपणा बघा. बसले भांडत. आणि जिच्या अंगावर ती घोंगडी पडायची, ती आतल्या खोलीत कुडकुडतेय. तिला एकानंही विचारलं नाही. एवढी दाढीमिशीवाली माणसं, एकाला सुचू नये? एकेकाच्या कानाखाली वाजवावीशी वाटते मला.

शेवंतीनं आतून सगळं ऐकलं. तिचंही डोकं फिरलं. पाय ओढत, भिंत धरत ती दरबारात आली आणि म्हणाली, "मला मेंढीकडे न्या. आत्ता."

मग पालखीतून नेलं तिला. मेंढीनं तेच विचारलं, "काय घटलेलं चालेल?"

शेवंती म्हणाली, "ऊब घटायला नको. वजन मला पेललं पाहिजे. मऊ नसली तरी चालेल. टोचू दे."

राजा भडकला. "राजकन्येच्या अंगावर टोचरी घोंगडी? लोक काय म्हणतील?"

"लोकांना थंडी वाजत नाहीये, बाबा. मला वाजतेय."

मेंढीनं अंग झाडलं. लोकर राठ झाली. "हात लावून बघ," ती म्हणाली.

शेवंतीनं मान टेकवून पाहिली. "फारच टोचते."

"कमी करते. वजन वाढेल. चालेल?"

"चालेल."

मेंढीनं परत अंग झाडलं. शेवंतीनं लोकर हातावर तोलली. "आता जड वाटते. जरा उतरव. त्यापायी थोडी टोचली तर टोचू दे."

मेंढीनं तिसऱ्यांदा झाडलं. "आता?"

"आता बरोबर."

तेव्हा कुठे कातर लागली, बरं का. घोंगडी विणली, शेवंतीनं पांघरली. मग थंडी कमरेवरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून पावलांत आणि अंगठ्यातून बाहेर. शेवंती कराकरा खाजवत झोपी गेली.

राजाशी मात्र ती बरेच दिवस बोलली नाही. बरंच केलं. मग एके दिवशी राजा तिच्या उशाशी बसला आणि म्हणाला, "आज जेवायला तुला काय हवं?" जन्मात पहिल्यांदा विचारलं त्यानं. मग बोलली ती. पुढं सगळी सुखात राहिली. त्यांची ऊब त्यांना, आपली आपल्याला.

झाली गोष्ट. मिटा डोळे.

काय गं तानी? चादर आत घेऊन वरून घोंगडी घेऊ म्हणतेस? अगं, चादर एकच आहे. नको म्हणालीस म्हणून खाली अंथरलीय, ती काढावी लागेल. पाठीला सतरंजी रुतेल. चालेल?

चालेल ना? मग हे आधी सांगायला तोंड नव्हतं का तुला? ऊठ, काढते चादर. आणि झोप आता.